‘घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलंय का?’

मावशीला न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेलो होतो. नंबर लागायच्या आधी एक फॉर्म भरायचा होता. नाव, वय, बीपी, शुगर, तंबाखू, आणि मग एक ओळ : कुटुंबात कुणाला स्ट्रोक झाला आहे का? मी ‘नाही’वर खूण करणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, “अरे, आमचे अण्णा?”

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. ते हार्टनं गेले असंच मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मावशी म्हणाली, “हार्टनं गेले ते नंतर. त्याच्या आधी दोन वर्षं त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात उचलायचा नाही. सदऱ्याची बटणं मी लावून द्यायचे.” खात्री करायला मामाला फोन लावला. मामा म्हणाला, “वारंबिरं काही नाही. न्हाणीघरात घसरून पडले, त्यात हात गेला.”

बाप एकच, भावंडं सख्खी, पण घराण्याचा इतिहास दोघांचा वेगळा. मी फॉर्मवर ‘हो’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

हा किस्सा सांगायचं कारण असं, की स्ट्रोकवर काम करणारे संशोधक गेली काही दशकं हीच ओळ हजारो लोकांना विचारत आहेत. उत्तरं वांशिक गटांनुसार वेगवेगळी येतात. एका गटात ‘हो, आईला झाला होता, भावालाही झाला’ असं सांगणारे जास्त भेटतात, दुसऱ्यात कमी. यावरून आपण लगेच म्हणून मोकळे होतो की ‘त्यांच्या रक्तातच आहे’. रक्तात थोडंसं असतं, नाही असं नाही. पण या ‘हो’मध्ये रक्तासोबत स्वयंपाकघर, पगार, गाव, भावंडांची संख्या आणि मामाची आठवण असं बरंच काही मिसळलेलं असतं. ते एकेक करून सुटं करून पाहू.

आधी स्ट्रोक, मग घराणं

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग ज्या अवयवाचा कारभार बघत असतो तो बंद पडतो. लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात, ‘एक बाजू गेली’, ‘तोंड वाकडं झालं’, शहरात ‘पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक’ ही सगळी त्याचीच नावं. तुंबण्याचा प्रकार जास्त आढळतो. अमेरिकेत शंभरातले साधारण ८७ स्ट्रोक त्या जातीचे. फुटण्याचा प्रकार, म्हणजे आपण ज्याला ब्रेन हॅमरेज म्हणतो तो, संख्येनं कमी पण जास्त जीवघेणा. भारत, चीन, जपान या देशांत हॅमरेजचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा आहे. ‘घरात स्ट्रोक होता’ असं म्हणताना मात्र आपण हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

आई-वडिलांना स्ट्रोक झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो का? वाढतो. याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावातून आला. १९४८ साली तिथल्या ५,२०९ जणांची नियमित तपासणी सुरू झाली आणि १९७१ पासून त्यांच्या मुलांचीही. त्यामुळे तिथे कुणाला ‘तुमच्या वडिलांना काय झालं होतं हो?’ असं विचारायची वेळच आली नाही. वडिलांची फाइल कपाटातच होती, मामाला फोन लावायचं काम नव्हतं. २०१० साली जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यात असं दिसलं, की आई किंवा वडिलांना पासष्टीच्या आत स्ट्रोक झाला असेल तर मुलांचा धोका साधारण तिप्पट होतो. बीपी, मधुमेह, सिगारेट यांचा प्रभाव वजा केला तरी तो शिल्लक राहतो.

इथे ‘पासष्टीच्या आत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ८५ व्या वर्षी आजीला झालेला स्ट्रोक आणि ४८ व्या वर्षी काकांना झालेला स्ट्रोक फॉर्मवर सारखेच दिसतात, पण डॉक्टरच्या लेखी त्यांचं वजन अगदी वेगळं असतं.

फ्रेमिंगहॅमची अडचण अशी, की ते तेव्हा जवळजवळ सगळं गोऱ्या लोकांचं गाव होतं. इतर वंशाच्या रहिवाशांचा गट १९९४ पासून जोडला गेला. म्हणजे ‘तिप्पट’ हा आकडा एका विशिष्ट गावातल्या विशिष्ट लोकांचा आहे. तो जसाच्या तसा उचलून सोलापुरात किंवा न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीत लावता येत नाही.

रकाना कुणी आखला?

‘वांशिक गट’ हा शब्द रक्तगटासारखा वाटतो, प्रयोगशाळेत तपासून सांगता येईल असा. प्रत्यक्षात तो फॉर्मवरचा एक रकाना असतो आणि त्यात माणूस स्वतःच खूण करतो. ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हटलं की डोळ्यांपुढे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी येतात. अमेरिकेत त्याच शब्दात चिनी, फिलिपिनो, कोरियन आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं मराठी कुटुंब अशी सगळी मंडळी मावतात. ‘हिस्पॅनिक’ या रकान्यात तर डोमिनिकन माणूसही येतो आणि मेक्सिकनही. त्यांचे पूर्वज वेगळे, जेवण वेगळं, फक्त भाषा एक. आपल्याकडे उद्या कुणी ‘हिंदी बोलणारे’ असा एकच वैद्यकीय गट केला तर कसं वाटेल, तसंच हे.

तरीही हे रकाने निरुपयोगी नाहीत. जिथे फरक मोठे दिसतात तिथे शोधायला सुरुवात करता येते. न्यू यॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमध्ये गोरे, कृष्णवर्णीय आणि बहुतांश डोमिनिकन असे हिस्पॅनिक लोक एकाच भागात, त्याच मोठ्या हॉस्पिटलच्या आसऱ्यानं राहतात. तिथल्या १९९८ च्या अहवालात गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण २.४ पट आणि हिस्पॅनिकांमध्ये दुप्पट आढळलं. लंडनच्या दक्षिण भागात १९९५ पासून स्ट्रोकची नोंदवही चालू आहे. तिथे कृष्णवर्णीयांना पहिला स्ट्रोक गोऱ्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो.

टेक्सासच्या किनाऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी नावाचं शहर आहे. तिथे २००० सालापासून प्रत्येक स्ट्रोकची नोंद होते. शहरात मेक्सिकन वंशाचे अमेरिकन बहुसंख्य आहेत, आणि यातले बरेच काल-परवा सीमा ओलांडून आलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले आहेत. ४५ ते ५९ या वयोगटात त्यांच्यातलं तुंबलेल्या प्रकाराच्या स्ट्रोकचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांच्या दुप्पट निघालं. पंच्याहत्तरीपुढे मात्र हा फरक जवळपास मिटला. म्हणजे म्हातारपणी सगळे सारखेच, फरक पडतो तो कमावत्या वयात. मुलाची फी भरायची असते, घराचा हप्ता चालू असतो, नेमक्या त्या वयात. आणि तरुण वयातले स्ट्रोक जिथे जास्त, तिथल्या पुढच्या पिढीच्या फॉर्मवर ‘हो’ही जास्त येणार, हे ओघानंच आलं.

भावंडं मोजा

आता एक साधं गणित, माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत दुर्लक्षित. समजा, एखाद्या समाजात दर दहा माणसांमागे एकाला कधी ना कधी स्ट्रोक होतो. तुम्हाला आई-वडील आणि दोन भावंडं, अशी चार सख्खी माणसं आहेत. मग तुमच्या घरात किमान एक स्ट्रोक असण्याची शक्यता ३४ टक्के. तुमच्या शेजाऱ्याला आई-वडील आणि आठ भावंडं, अशी दहा माणसं आहेत. त्याच्या घरात तीच शक्यता ६५ टक्के होते. प्रत्येक माणसाचा धोका तोच आहे, दहात एक. कुणाच्या रक्तात काही वेगळं नाही. तरी फॉर्मवर शेजाऱ्याचं घराणं तुमच्या दुप्पट ‘स्ट्रोकवालं’ दिसतं.

मोठ्या कुटुंबांच्या समाजात घराण्याचा इतिहास असा आपोआपच भरलेला दिसतो. म्हणून चांगल्या अभ्यासात ‘घरात कुणाला झाला का’ एवढ्यावर भागवत नाहीत. किती भावंडं, त्यातल्या किती जणांना झाला, कितव्या वर्षी झाला, असं खोदून विचारतात.

याची उलटी बाजूही आहे. घरात स्ट्रोक ‘असायला’ आधी माणूस त्या वयापर्यंत जगावा लागतो. ज्या घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या चाळिशी-पन्नाशीत अपघातानं, टीबीनं, दारूनं गेले, त्यांचा फॉर्म अगदी स्वच्छ दिसतो. तिथला स्वच्छपणा हा तब्येतीचा पुरावा नाही, वेळच मिळाली नाही याचा आहे.

मुंबईच्या पारशी समाजाचं उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथे दर लाख लोकांमागे ८४२ जण स्ट्रोक झालेले सापडले. भारतातल्या इतर पाहण्यांच्या मानानं हा आकडा फार मोठा. पण पारशी समाजात वयस्क माणसांचं प्रमाणच खूप जास्त आहे. वयाचा हिशेब जुळवला तेव्हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे जो फरक आधी पारशी रक्ताचा वाटला असता, त्यातला अर्धा निव्वळ पिकल्या केसांचा होता.

रक्त तेच, मीठ वेगळं

घरातून मुलांकडे काय काय जातं याची यादी करायला बसलात तर जनुकं हा तिचा एक भाग असेल. बाकीच्या यादीत लोणच्याची बरणी असते, जेवायच्या आधी वरून मीठ घ्यायची सवय असते, दुपारची तंबाखूची चिमूट असते, आणि ‘बीपीची गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही’ ही भीतीही असते. हे सगळंसुद्धा वारसाहक्कानंच मिळतं. फॉर्मवर मात्र त्याला वेगळा रकाना नसतो.

यातला जनुकांचा वाटा आणि घरच्या पाण्याचा वाटा वेगळा कसा करायचा? एक वाट म्हणजे, त्याच वंशाची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील तर त्यांची तुलना करायची. १९९७ मध्ये अशी एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. ज्यांचे पूर्वज मुळात पश्चिम आफ्रिकेतले, अशा लोकांचं बीपी वेगवेगळ्या देशांत मोजलं होतं. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के निघालं. गुलाम म्हणून पूर्वजांना ज्या वाटेनं नेलं, त्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला बीपी चढत गेलं, असं हा आकड्यांचा नकाशा सांगतो. पुढे त्याच संशोधकांनी गोऱ्यांचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा जर्मनीतल्या गोऱ्यांमध्ये बीपीचा त्रास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त निघाला. ‘काळ्या माणसाचं बीपी वेगळंच असतं’ असं जे दवाखान्यांतून सर्रास बोललं जातं, त्याची हवा इथेच निघायला हवी होती. ती अजून पुरती निघालेली नाही.

जपानचं उदाहरण मला त्याहून आवडतं, कारण तिथे वंश बदलला नाही आणि देशही नाही, बदललं फक्त जेवण. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक होतं. उत्तरेकडच्या अकिता भागात परिस्थिती सगळ्यात वाईट. तिथला हिवाळा लांब, बर्फ दारापर्यंत, भाजी मिळायची नाही. त्यामुळे जेवण म्हणजे खारवलेले मासे, मिठातली लोणची, मिसो या सोयाबीनच्या खारट लगद्याचं सूप आणि भात. १९५० च्या दशकात तिथली माणसं दिवसाला सरासरी २५ ग्रॅमच्या वर मीठ खात होती. जागतिक आरोग्य संघटना आज ५ ग्रॅम सांगते. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. अकितात रोज पाच चमचे जात होते.

त्या काळात अकितातल्या कुणालाही विचारलं असतं, घरात स्ट्रोक आहे का, तर घरोघरी ‘हो’ आलं असतं. एखाद्या परदेशी डॉक्टरनं सहज लिहून टाकलं असतं, की या लोकांच्या रक्तातच दोष आहे. मग घरोघर फ्रीज आले, मीठ कमी करायच्या मोहिमा झाल्या, गावातल्या प्रत्येकाचं बीपी मोजायला सुरुवात झाली. अकितातल्या इकावा गावात हे काम १९६३ मध्येच सुरू झालं होतं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जपानातले स्ट्रोकचे मृत्यू झपाट्यानं उतरले. एवढ्या काळात जनुकं बदलत नाहीत.

अमेरिकेतही भूगोल असाच वंशात मिसळलेला आहे. जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना, मिसिसिपी अशा आग्नेयेकडच्या राज्यांना ‘स्ट्रोक बेल्ट’ म्हणतात. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तिथे आहे. पण तिथले गोरेही इतर राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा स्ट्रोकनं जास्त मरतात. हे कोडं सोडवण्यासाठी २००३ ते २००७ या काळात ४५ वर्षांवरच्या ३०,२३९ कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांची नोंदणी केली गेली. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वरचं बीपी १० अंकांनी वाढलं तर गोऱ्यांचा स्ट्रोकचा धोका ८ टक्क्यांनी वाढतो, कृष्णवर्णीयांचा २४ टक्क्यांनी. बीपी तेवढंच वाढलेलं, पण नुकसान तिप्पट.

याचा अर्थ त्यांच्या धमन्या कच्च्या असतात असा लावायची घाई करू नका. दवाखान्यात मोजलेला आकडा हा एका क्षणाचा फोटो असतो. ते बीपी पंचविसाव्या वर्षापासून चढलेलं आहे की पंचेचाळिसाव्या, मधली वीस वर्षं विमा होता की नव्हता, गोळी सलग मिळाली की तुटक, हे त्या फोटोत दिसत नाही. घराच्या भिंतीत पाणी मुरत असतं तेव्हा आज ओल किती दिसते यापेक्षा ती किती पावसाळे मुरते आहे, याला महत्त्व असतं.

खरोखर रक्तात असतं तेव्हा

एवढं म्हटल्यावर जनुकं म्हणजे थापच, असं कुणाला वाटेल. तसंही नाही. काही स्ट्रोक अक्षरशः एका जनुकातल्या एका चुकीमुळे होतात, आणि अशा चुका एखाद्या बेटावर, एखाद्या समाजात साचलेल्या असतात. कारण सरळ आहे : कधीतरी एका पूर्वजात ती चूक झाली आणि त्याचा वंश तिथल्या तिथेच वाढला.

तैवानमध्ये दर शंभर माणसांमागे जवळजवळ एकाच्या नॉच-३ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे हळूहळू खराब होतात. जपान आणि कोरियात दुसऱ्याच एका जनुकातला बदल शंभरात एक-दोघांत सापडतो. त्याचा संबंध मोयामोया या आजाराशी आहे. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्या अरुंद होतात आणि त्यांच्याभोवती बारीक वाहिन्यांचं जाळं माजतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून जपानी डॉक्टरांनी ‘मोयामोया’ असं नाव ठेवलं. हा बदल असलेले बहुतेक लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात, हेही तितकंच खरं.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आइसलँडची. तिथल्या काही घराण्यांत तरणीताठी माणसं तिशीतच ब्रेन हॅमरेजनं जातात. सिस्टॅटिन-सी नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एक बदल असतो आणि मेंदूच्या धमन्यांच्या भिंतीत ते प्रथिन साचत जातं. आई किंवा वडिलांकडून एक खराब प्रत आली तरी पुरते. यापेक्षा ‘रक्तातला’ स्ट्रोक दुसरा कुठला असणार?

आइसलँडच्या लोकांनी वंशावळी मात्र फार जपून ठेवल्या आहेत. त्यावरून संशोधकांनी माग काढला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला. हा बदल १५५० च्या सुमारास जन्मलेल्या एका पूर्वजापर्यंत जातो. १८२० च्या आसपास जन्मलेले, हाच बदल अंगात असलेले लोक इतरांइतकेच जगत होते. मग पुढच्या ऐंशी वर्षांत त्यांचं आयुष्य घसरत गेलं आणि १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांचं सरासरी तीस वर्षांवर आलं. जनुक तेच, घराणी तीच. बदललं होतं ते बेटावरचं राहणीमान. बाहेरून येणारं धान्य, साखर आणि मीठ वाढलं होतं, आणि संशोधकांचा रोख आहारातल्या या बदलावरच आहे. एका जनुकाच्या आजारातसुद्धा स्वयंपाकघर मध्ये येतं, तर साध्या बीपीच्या स्ट्रोकचं काय घेऊन बसलात?

आपल्या जवळचं उदाहरण सिकलसेलचं. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आई आणि वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलं तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि लहान मुलालासुद्धा स्ट्रोक होऊ शकतो. अमेरिकेत बहुतांश आफ्रिकी वंशाच्या सिकलसेल रुग्णांमध्ये, प्रतिबंधक उपाय येण्याआधी, विसाव्या वर्षापर्यंत ११ टक्क्यांना स्ट्रोक होत असे. मुलाच्या कानशिलावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. वेग फार वाढलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला स्ट्रोक ९० टक्क्यांहून अधिक टळतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. भारतातल्या सिकलसेलचा वाण थोडा वेगळा आहे. अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार सरासरीनं सौम्य असतो. पण सौम्य म्हणजे नाहीच असं नव्हे. घरात सिकलसेल आहे आणि मुलाचा हात अचानक लुळा पडला, तर ‘एवढ्याशा पोराला कसला लकवा’ म्हणत बसू नये.

असे एका जनुकाचे स्ट्रोक एकूण स्ट्रोकमध्ये मूठभरच. बाकीच्यांत शेकडो जनुकांचा प्रत्येकी चिमूटभर वाटा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात १,१०,१८२ रुग्णांची जनुकं तपासली आणि स्ट्रोकशी संबंध असलेल्या ८९ जागा सापडल्या. त्या रुग्णांतले साधारण एकतृतीयांश युरोपीय वंशाचे नव्हते, आणि ही बातमी व्हावी अशीच गोष्ट आहे, कारण तोपर्यंतचं बहुतेक काम गोऱ्यांच्या रक्तावर झालेलं होतं. लाळेचा नमुना पाठवून ‘तुमचा स्ट्रोकचा जनुकीय धोका’ सांगणाऱ्या चाचण्यांकडे आपण जरा दबकतच बघावं ते यासाठी. माप एकाच्या अंगाचं, सदरा दुसऱ्याला.

एक फरक मात्र ठळक आहे आणि तो अजून पुरता उलगडलेला नाही : वाहिनी तुंबते कुठे? गोऱ्यांमध्ये चरबीचा थर बरेचदा मानेतल्या धमनीत साचतो. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई लोकांत, आपणही त्यात आलो, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. आशियात ३० ते ५० टक्के स्ट्रोकच्या मागे ही आतली अरुंदी असते, असा अंदाज दिला जातो. उत्तर अमेरिकेत ८ ते १० टक्के. मानेची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आपल्याकडे निश्चिंत होता येत नाही ते याचमुळे. यात जनुकं किती, मधुमेह किती आणि बीपी किती, यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत.

गडचिरोलीतला फॉर्म

स्ट्रोक म्हणजे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, असा आपल्याकडे समज होता. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या चमूनं २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतल्या ८६ गावांमध्ये झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणं शोधली. पद्धत अशी, की मृताच्या घरी जायचं, घरच्यांसोबत बसायचं आणि शेवटचे दिवस कसे गेले ते विचारून कारण ठरवायचं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं स्ट्रोक : २२९, म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ जण घरीच गेले.

घरीच गेले म्हणजे स्कॅन नाही, फाइल नाही, दाखल्यावर ‘स्ट्रोक’ हा शब्द नाही. त्यांच्या नातवानं उद्या पुण्यात किंवा नागपुरात फॉर्म भरला तर तो काय लिहील? ‘नाही.’ अगदी प्रामाणिकपणे. म्हणूनच वेगवेगळ्या समाजांच्या ‘हो’ आणि ‘नाही’ची तुलना करताना मला नेहमी धास्ती वाटते. एका बाजूला फ्रेमिंगहॅमचं कपाट आणि दुसऱ्या बाजूला मावशी विरुद्ध मामा.

तर मग घरात विचारायचं तरी काय? ‘स्ट्रोक होता का’ असं विचारून उपयोग नाही. कुणाची एक बाजू लुळी पडली होती का, बोलणं एकदम गेलं होतं का, तोंड वाकडं झालं होतं का, डोकं प्रचंड दुखून तासाभरात शुद्ध हरपली होती का, असं विचारा. वय नाही सांगता आलं तर ‘तेव्हा धाकटीचं लग्न झालं होतं का’ असं विचारलं की वर्ष बरोबर निघतं. बीपीची गोळी चालू होती का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सोडली होती का. दोन किंवा जास्त सख्ख्या नातेवाइकांच्या मेंदूत रक्तवाहिनीचा फुगा निघाला असेल, किंवा घरात किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार असेल, तर ते डॉक्टरला स्वतःहून सांगा, कारण तेव्हा मेंदूच्या अँजिओग्राफीचा विचार करावा लागतो. पन्नाशीच्या आतले स्ट्रोक एकाच घरात दोन-तीन असतील तर तेही. बाकी बहुतेकांसाठी ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, पुढचं काम एकच : बीपी मोजून घेणं. ३२ देशांतल्या जवळपास २७ हजार लोकांच्या अभ्यासात स्ट्रोकच्या एकूण ओझ्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या उच्च रक्तदाबाच्या खात्यावर निघालं, आणि ते खातं जगाच्या जवळपास प्रत्येक कोपऱ्यात सापडलं.

आमच्या घराचा कागद मी नंतर पुन्हा नीट लिहून काढला. मावशीनं सांगितलं, मामानं दुरुस्त केलं, आणि शेवटी गावाकडच्या ऐंशी पार केलेल्या आत्याआजीला फोन लावला. आता तो असा आहे : आजोबा (आईचे वडील). वय साधारण ६१, थोरल्या मामाच्या लग्नाच्या पुढच्या वर्षी. डावा हात, डावा पाय. बोलणं शाबूत. बीपी होतं, गोळी बंद केली होती, कारण ‘बरं वाटत होतं’. न्हाणीघरात पडले हे खरं, पण हात आधी गेला आणि मग पडले, हे आत्याआजीनं दारातून पाहिलं होतं. प्रकार कोणता : माहीत नाही. सात भावंडं, त्यातली तीन लहानपणीच गेलेली.